वर्गातील चर्चा : ग्रामसभेची पहिली पायरी

शाळेच्या तपासणीस गेलेल्या व्यक्तीला सगळा वर्ग हाताची घडी घालून चिडीचूप बसलेला दिसला की, ‘येथील शिस्त उत्तम आहे’ असे उद्गार सहज निघतात. शिक्षक फळ्याजवळ उभे राहून बोलत आहेत, विद्यार्थी ऐकत आहेत, प्रश्न विचारताच एकसुरात उत्तर येत आहे, असा वर्ग आपल्याकडे दीर्घकाळ आदर्श मानला गेला. परंतु या शांततेमागे विचार चालू आहे की केवळ भीती आहे, याचा शोध सहसा घेतला जात नाही. एकसुरात आलेले उत्तर समजून आले की पाठ होऊन आले, हेही त्या सुरावरून कळत नाही.

हा प्रश्न केवळ अध्यापनशास्त्राचा नाही. आज सातवीत बसलेला मुलगा किंवा मुलगी आणखी पाचसहा वर्षांनी मतदार होईल आणि ग्रामपंचायतीच्या मतदारयादीत नाव येताच आपल्या गावच्या ग्रामसभेचा घटक बनेल. तेथे पाणी, रस्ते, गायरान, घरकुले यांविषयी निर्णय व्हावयाचे असतात. आपले म्हणणे कारणासहित मांडणे, दुसऱ्याचे शेवटपर्यंत ऐकणे आणि पटले तर मत बदलणे, या तीन गोष्टी ज्याला वयाच्या अठराव्या वर्षापर्यंत कोणी शिकविल्याच नाहीत, तो ग्रामसभेत एक तर गप्प बसेल किंवा आरडाओरडा करील. ग्रामसभा ओस का पडतात, याची कारणे शोधताना म्हणूनच गावच्या शाळेच्या वर्गातही डोकावून पाहिले पाहिजे.

कायद्याची अपेक्षा

विद्यार्थ्यांना बोलू देणे ही शिक्षकाच्या मर्जीची बाब आहे, अशी समजूत अद्यापही अनेक ठिकाणी आढळते. वस्तुस्थिती तशी नाही. संयुक्त राष्ट्रांच्या १९८९ च्या बालहक्क संहितेने मुलाला त्याच्याशी संबंधित बाबींवर मत मांडण्याचा हक्क मान्य केला आणि भारताने १९९२ मध्ये ती संहिता स्वीकारली. पुढे २००९ मध्ये बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा अधिकार अधिनियम संमत झाला व १ एप्रिल २०१० पासून तो अमलात आला. या अधिनियमाच्या कलम २९ मध्ये अभ्यासक्रम व मूल्यमापन यांची तत्त्वे दिली आहेत. मूल भय, आघात व चिंता यांपासून मुक्त असावे आणि आपली मते मोकळेपणाने मांडण्यास त्याला साहाय्य व्हावे, हे त्यांपैकी एक तत्त्व होय. कृती, शोध व अन्वेषण यांच्याद्वारे अध्ययन व्हावे, असेही तेथे म्हटले आहे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातही वर्गातील अध्यापन अधिक संवादी व्हावे आणि विद्यार्थ्यांच्या प्रश्नांना उत्तेजन मिळावे, अशी अपेक्षा व्यक्त झाली आहे.

तात्पर्य, वर्गातील चर्चा ही सवड मिळाली तर करावयाची गोष्ट नसून ती अध्यापनाचाच एक भाग आहे. मात्र केवळ ‘चर्चा करा’ असे म्हटल्याने चर्चा होत नाही. तिचेही एक शास्त्र आहे आणि ते आपल्या परंपरेला अपरिचित नाही.

वाद, जल्प आणि वितंडा

गौतमाच्या न्यायसूत्रांत चर्चेचे तीन प्रकार सांगितले आहेत. सत्य जाणून घेण्याच्या इच्छेने, प्रमाणे व तर्क यांच्या आधारे दोन पक्षांत होणारी चर्चा म्हणजे ‘वाद’. जिंकणे हाच जिचा हेतू असतो आणि त्यासाठी शब्दच्छलाचाही आश्रय घेतला जातो, ती चर्चा म्हणजे ‘जल्प’. स्वतःचा कोणताच पक्ष न मांडता केवळ समोरच्याचे खंडन करीत राहणे म्हणजे ‘वितंडा’. यांतील तिसरा शब्द ‘वितंडवाद’ या रूपाने मराठीत चांगलाच रुळला आणि ‘वाद’ या शब्दाला मात्र आपण भांडणाचा अर्थ देऊन बसलो, ही मोठी गमतीची गोष्ट आहे.

आपल्या शास्त्रग्रंथांत आणखी एक पद्धत दिसते. आपला सिद्धान्त मांडण्यापूर्वी ग्रंथकार प्रतिपक्षाचे म्हणणे, म्हणजे पूर्वपक्ष, आधी मांडतो व मगच त्याचे उत्तर देतो. दुसऱ्याचे म्हणणे त्याला मान्य होईल अशा शब्दांत सांगता आल्याशिवाय त्याला उत्तर देण्याचा अधिकार नाही, असा हा दंडक आहे. वर्गात चर्चा घेताना शिक्षकांनी एवढा एकच नियम कसोशीने पाळला, तरी निम्मे काम होण्यासारखे आहे.

या दृष्टीने पाहता, शाळाशाळांतून होणाऱ्या वक्तृत्व स्पर्धा व वादविवाद स्पर्धा यांचे स्थानही नीट समजून घेतले पाहिजे. त्यांचा उपयोग आहे. भीड चेपते, भाषा सुधारते. परंतु त्यांत भाषण आधी पाठ केलेले असते, बाजू आधी ठरलेली असते आणि वर्गातील दोनचार मुलेच त्यांत भाग घेतात. न्यायसूत्रांच्या परिभाषेत बोलावयाचे तर त्यांचा कल जल्पाकडे असतो. दैनंदिन पाठात हवा आहे तो ‘वाद’ आणि तोही वर्गातील सर्व मुलांचा.

प्रश्न कसा असावा

चर्चेचे यश बव्हंशी प्रश्नावर अवलंबून असते. ‘शिवरायांचा राज्याभिषेक कोणत्या वर्षी झाला?’ या प्रश्नाचे उत्तर १६७४ असे एकाच शब्दात संपते. ते माहीत असणे आवश्यक आहे, पण त्यावर चर्चा संभवत नाही. ‘प्रत्यक्ष राज्य चालवीत असतानाही महाराजांना राज्याभिषेक करवून घेणे आवश्यक का वाटले असेल?’ असा प्रश्न विचारला की, मुलांना मिळालेल्या माहितीचा उपयोग करावा लागतो, तर्क करावा लागतो आणि निरनिराळी उत्तरे संभवतात.

चांगल्या प्रश्नाची तीन लक्षणे सांगता येतील. त्याची एकाहून अधिक विचारार्ह उत्तरे असावीत. उत्तर देण्यास लागणारी सामग्री मुलांच्या पाठ्यपुस्तकात वा अनुभवात उपलब्ध असावी. आणि उत्तर काय आले यामुळे काही फरक पडतो, असे मुलांना वाटावे. पहिले लक्षण नसेल तर चर्चा सुरूच होत नाही. दुसरे नसेल तर ती पोकळ गप्पांत विरते. तिसरे नसेल तर मुले शिक्षकांना आवडेल ते बोलून मोकळी होतात.

काही शिक्षक ‘समजले का?’ असा प्रश्न वारंवार विचारतात. त्याला ‘हो’ याखेरीज दुसरे उत्तर क्वचितच येते. त्याऐवजी ‘आता सांगितलेले तुझ्या शब्दांत जोडीदाराला सांग’ असे म्हटल्यास कोणाला काय समजले, हे शिक्षकांना दोन मिनिटांत कळून येते.

तीन सेकंदांची प्रतीक्षा

प्रश्न विचारल्यानंतर शिक्षक किती वेळ थांबतात? अमेरिकेतील शिक्षणसंशोधक मेरी बड रो यांनी १९७० च्या सुमारास अनेक वर्गांतील संभाषणे ध्वनिमुद्रित करून याचा अभ्यास केला. शिक्षक सरासरीने सुमारे एक सेकंदच थांबतात आणि मग दुसऱ्याला विचारतात किंवा स्वतःच उत्तर देऊन टाकतात, असे त्यांना आढळून आले. हीच प्रतीक्षा तीन सेकंद वा त्याहून अधिक केली तेव्हा विद्यार्थ्यांची उत्तरे लांब व अधिक सकारण होऊ लागली, उत्तर न देणाऱ्यांचे प्रमाण घटले आणि मुले स्वतः होऊन प्रश्न विचारू लागली. ज्यांना शिक्षक ‘मंद’ समजत असत, अशीही मुले बोलू लागली. या सुधारणेसाठी ना साहित्य लागते ना अनुदान. मनातल्या मनात तीन अंक मोजण्याइतका संयम मात्र लागतो.

मेरीलँड विद्यापीठातील फ्रँक लायमन यांनी १९८१ मध्ये मांडलेली एक पद्धतीही याच जातीची आहे. प्रश्न विचारल्यावर प्रत्येकाने आधी एकट्याने विचार करावयाचा, मग शेजाऱ्याशी बोलावयाचे आणि नंतर वर्गासमोर मांडावयाचे. या पद्धतीचे महत्त्व साध्या हिशेबाने पटते. ४० विद्यार्थ्यांच्या वर्गात ३५ मिनिटांच्या तासिकेपैकी १० मिनिटे मुलांच्या बोलण्यासाठी ठेवली आणि एकेकास उभे करून विचारले, तर प्रत्येकाच्या वाट्याला १५ सेकंद येतात. तेच जोड्या पाडून दोन मिनिटे बोलू दिले, तर त्या दोन मिनिटांतच प्रत्येक मुलाला एक मिनिट बोलावयास मिळते. शिवाय चाळीस जणांसमोर तोंड उघडण्यास लाजणारे मूल एका मित्रासमोर लाजत नाही.

एक नमुना पाठ : तलावाचे पाणी

सातवी-आठवीच्या नागरिकशास्त्रासाठी आपल्या मातीतलाच एक विषय नमुन्यादाखल घेऊ. शिक्षक फळ्यावर पुढील परिस्थिती लिहितात : एका गावात तीन कुटुंबांनी मिळून पाझर तलावाखाली विहीर घेतली आहे. पाणी फक्त ९ एकरांना पुरेल एवढेच आहे. पहिल्या कुटुंबाकडे २४ एकर जमीन व माणसे ४. दुसऱ्याकडे ३ एकर जमीन व माणसे ८. तिसरे कुटुंब भूमिहीन असून त्यात माणसे ६. पाण्याची वाटणी कशी करावी?

प्रथम पाच मिनिटे मुलांनी एकट्याने हिशेब करावा. जमिनीच्या प्रमाणात पाणी दिले तर पहिल्या कुटुंबाला ८ एकरांचे, दुसऱ्याला १ एकराचे आणि तिसऱ्याला काहीच नाही, असे उत्तर येते. कुटुंबागणिक समान दिले तर प्रत्येकी ३ एकर. माणशी अर्धा एकर या हिशेबाने दिले तर अनुक्रमे २, ४ व ३ एकर. तिन्ही वाटण्यांची बेरीज ९ च होते, परंतु गावाचे चित्र तिन्हींत निराळे दिसते.

यानंतर चार-चार मुलांचे गट पाडून १० मिनिटे चर्चा होऊ द्यावी. एखादा म्हणेल, ‘ज्याच्याकडे जमीनच नाही त्याला पाणी कशाला?’ त्यावर दुसरी म्हणेल, ‘तो बटाईने जमीन करील, किंवा आपल्या वाट्याचे पाणी देऊन पिकात हिस्सा घेईल.’ कोणी विचारील, ‘दुसऱ्या कुटुंबाकडे जमीन ३ एकर आणि पाणी ४ एकरांचे, मग उरलेल्याचे काय?’ कोणी म्हणेल, ‘तलावासाठी ज्याची जमीन गेली त्याला जास्त मिळाले पाहिजे.’ आणि शेतकऱ्याचा एखादा मुलगा सांगेल की, ‘सगळा प्रश्न पिकाचा आहे, उसाला जेवढे पाणी लागते तेवढ्यात ज्वारीचे किती तरी क्षेत्र भिजेल.’ यातील एकही मुद्दा टाकाऊ नाही.

या वेळी शिक्षकांचे काम काय? स्वतःचे मत न सांगता गटागटांतून फिरणे, ‘असे का वाटते?’, ‘यावर तिसऱ्या कुटुंबातील माणूस काय म्हणेल?’ असे प्रश्न विचारणे, आणि एखादा मुलगा विरोध करू लागला की, ‘आधी तिचे म्हणणे तुझ्या शब्दांत सांग, मग उत्तर दे’ याची आठवण देणे. पूर्वपक्षाचा नियम तो हाच.

शेवटी शिक्षकांनी सांगावे की, हा प्रश्न काल्पनिक नाही. १९७२ च्या दुष्काळानंतर पुणे जिल्ह्याच्या पुरंदर तालुक्यातील नायगाव येथे विलासराव साळुंखे यांनी जे काम उभे केले, त्यातून ‘पाणी पंचायत’ ही चळवळ जन्माला आली. तिने पाण्याचा हक्क जमिनीशी न जोडता माणसांशी जोडला. माणशी अर्धा एकर आणि एका कुटुंबास जास्तीत जास्त अडीच एकर असे सूत्र ठेवले. भूमिहीनांनाही वाटा दिला आणि उसासारख्या बारमाही पिकांना मनाई केली. हे ऐकल्यावर मुलांना पुन्हा हिशेब करू द्यावा. अडीच एकरांची मर्यादा लावली तर तीन कुटुंबांना अनुक्रमे २, अडीच व अडीच एकरांचे पाणी मिळते आणि २ एकरांचे पाणी शिल्लक राहते. ‘या शिलकीचे काय करावे?’ हा नवा प्रश्न आपोआप उभा राहतो. नायगावचे सूत्र हे ‘बरोबर उत्तर’ म्हणून सांगू नये. एका गावाने विचारपूर्वक शोधलेले उत्तर म्हणून ते मांडावे.

तासिका संपण्यापूर्वी प्रत्येकाने वहीत तीन वाक्ये लिहावीत : आधी मला काय वाटत होते, आता काय वाटते, आणि कोणाच्या कोणत्या म्हणण्यामुळे फरक पडला किंवा पडला नाही. या तीन वाक्यांविना चर्चा हवेत विरून जाते. ती लिहिली गेल्यास शिक्षकांनाही मूल्यमापनासाठी आधार मिळतो.

गणिताच्या तासालाही चर्चा

चर्चा ही भाषा व सामाजिक शास्त्रे यांपुरतीच आहे, हा समजही बरोबर नाही. एक द्वितीयांश अधिक एक तृतीयांश किती, या प्रश्नाला दोन पंचमांश असे उत्तर काही मुले हमखास देतात. अंशात अंश आणि छेदात छेद मिळविला की ते येते. शिक्षकांनी त्यावर फुली मारली तर मूल नियम पाठ करते, पण चूक का झाली हे त्याला कळत नाही.

त्याऐवजी वर्गातून आलेली सर्व उत्तरे, कोणते बरोबर हे न सांगता, फळ्यावर लिहावीत आणि विचारावे, ‘यांतील कोणते उत्तर संभवत नाही आणि का?’ थोड्याच वेळात कोणाच्या तरी लक्षात येते की, दोन पंचमांश हे अर्ध्यापेक्षा कमी आहे. अर्ध्या भाकरीत आणखी भाकरी घातल्यावर ती अर्ध्याहून कमी कशी होईल? मग भाकरीचे सहा समान भाग करून तीन व दोन असे पाच भाग मोजले जातात आणि पाच षष्ठांश हे उत्तर मुलांच्याच तोंडून बाहेर पडते. ज्याचे उत्तर चुकले होते त्याची फजिती होत नाही. उलट त्याच्या उत्तरामुळेच सर्वांना विचार करावयास मिळाला, हे शिक्षकांनी आवर्जून सांगावे.

गप्प राहणारी मुले

कोणत्याही वर्गात बोलणारी मुले ठरलेली असतात. पुढच्या बाकावरची, घरात शिक्षणाचे वातावरण असलेली आणि बहुधा मुलगे. चर्चेला मोकळे सोडले तर हीच पाचसहा मुले ती ताब्यात घेतात आणि इतरांना पूर्वीपेक्षाही अधिक गप्प करतात. म्हणून चर्चेत कोण बोलले यापेक्षा कोण बोलले नाही, याची नोंद ठेवणे अधिक महत्त्वाचे असते.

गप्प राहण्याची कारणे निरनिराळी असतात. ऊसतोडीच्या हंगामात आईवडिलांबरोबर स्थलांतर करून परत आलेल्या मुलाचे मधले पाठच बुडालेले असतात. गोंडी, कोरकू, पावरी, वारली किंवा गोरमाटी घरी बोलणाऱ्या मुलांना विचार सुचतो, पण प्रमाण मराठीतील वाक्य सुचत नाही. अशा मुलांना जोडीने बोलताना घरची भाषा वापरू द्यावी आणि मग मराठीत मांडण्यास साहाय्य करावे. उच्चारावरून वा शब्दावरून हसणे हा वर्गातील सर्वांत मोठा अपराध समजला जावा. एखादे मूल अशुद्ध बोलले तर त्याचा मुद्दा आधी स्वीकारावा, भाषा नंतर सुधारावी.

मुलींच्या बाबतीत तर ‘गप्प बस’ हा घरचाच संस्कार असतो. महाराष्ट्राने २०११ मध्ये पंचायत संस्थांत महिलांसाठी ५० टक्के जागा राखून ठेवल्या. उद्या सरपंचाच्या खुर्चीत बसणारी स्त्री आज कोणत्या तरी वर्गाच्या मागच्या बाकावर बसलेली आहे. तिला आज एकही प्रश्न विचारण्याची सवय लागली नाही, तर उद्या तिच्या नावाने दुसराच कोणी कारभार करील. गटाचे म्हणणे वर्गासमोर मांडण्याची पाळी आळीपाळीने प्रत्येकावर आणणे, हा यावरचा एक साधा उपाय आहे.

काही रास्त अडचणी

‘चर्चा करीत बसलो तर अभ्यासक्रम केव्हा पूर्ण करावयाचा?’ ही शिक्षकांची तक्रार निराधार नाही. परंतु प्रत्येक पाठावर तासभर चर्चा करावी, असा आग्रह नाही. आठवड्यातून एखादी तासिका आणि दररोजच्या पाठात पाचसात मिनिटे, एवढे पुरेसे आहे. दोन शिक्षक व चार वर्ग असलेल्या शाळेत तर जोडीने व गटाने बोलण्याची सवय उपयोगीच पडते, कारण एका वर्गाला शिकविताना दुसरा वर्ग स्वतः काम करू शकतो.

दुसरी अडचण गोंगाटाची. चर्चा चालू असलेल्या वर्गात आवाज होणारच. मात्र आवाज विषयाचा आहे की इतर गप्पांचा, हे गटाजवळ अर्धा मिनिट उभे राहिल्यास कळते. हात वर केला की सर्वांनी थांबावयाचे, अशी एक खूण ठरवून दिल्यास वर्ग पुन्हा शांत करणे कठीण जात नाही.

तिसरी अडचण अधिक नाजूक आहे. गावातील जात, भावकी, निवडणूक यांचे पडसाद चर्चेत उमटतात. अशा वेळी विषय दडपू नये, पण व्यक्तींची व घराण्यांची नावे घेण्यास मज्जाव असावा. कोणत्याही मताची चिकित्सा करावी, माणसाचा अपमान करू नये, हा दंडक मुलांकडूनच ठरवून घेऊन भिंतीवर लावावा. आणि जेथे संविधानानेच निर्णय दिलेला आहे, उदाहरणार्थ अस्पृश्यता, तेथे ‘दोन्ही बाजूंनी बोला’ असे म्हणून समतेच्या तत्त्वालाच वादाचा विषय करू नये. समता प्रत्यक्षात कशी आणावयाची, हा मात्र चर्चेचा उत्तम विषय आहे.

अधिकारी व पंचायत सदस्यांचे कर्तव्य

शिक्षकांनी पद्धत बदलावी आणि तपासणीचे निकष मात्र जुनेच राहावेत, असे होऊ शकत नाही. शाळाभेटीत वह्या व नोंदी तपासल्या जातात. त्याबरोबरच पर्यवेक्षकांनी दहा मिनिटे मागे बसून तीन गोष्टी टिपाव्यात. शिक्षकांनी विचारलेल्या प्रश्नांपैकी किती प्रश्नांना एका शब्दापेक्षा मोठे उत्तर आले? किती मुले बोलली व त्यांत मुली किती? एखाद्या मुलाने स्वतः होऊन प्रश्न विचारला काय? शेवटच्या प्रश्नाचे उत्तर ‘होय’ असे आले, तर त्या शिक्षकाच्या कामाची नोंद शेऱ्यात अवश्य व्हावी. थोडा आवाज असलेल्या वर्गाला अधिकाऱ्यांनी बेशिस्त ठरविले, तर दुसऱ्या दिवसापासून तेथे पुन्हा हाताची घडी दिसू लागेल.

शाळा व्यवस्थापन समितीत कायद्यानुसार किमान तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात आणि निम्म्या महिला असतात. इमारत व पोषण आहार यांच्या जोडीने ‘आमची मुले वर्गात काय विचारतात?’ हा प्रश्नही समितीच्या बैठकीत यावयास हवा. ग्रामपंचायत सदस्यांनी वर्षातून एकदोनदा वरच्या वर्गात जाऊन गावाच्या पाण्याविषयी वा कचऱ्याविषयी मुलांच्या प्रश्नांना उत्तरे द्यावीत. मुलांचे प्रश्न कधी कधी अडचणीचे असतील. त्यांवर रागावणारा सदस्य मुलांना जे शिकवून जाईल ते कोणत्याही पाठ्यपुस्तकाला पुसून टाकता येणार नाही, आणि ‘याची माहिती घेऊन पुढच्या खेपेस सांगतो’ असे म्हणून खरोखरच परत येणारा सदस्य लोकशाहीचा संपूर्ण पाठ एका भेटीत देऊन जाईल.

वर्गातील चर्चेचे फळ वार्षिक परीक्षेच्या गुणपत्रिकेत पूर्णपणे दिसणार नाही. ते दिसावयास दहापंधरा वर्षे लागतील आणि ते दिसेल ग्रामसभेत, सहकारी संस्थेच्या सर्वसाधारण सभेत आणि घराघरांतील बोलण्यात. आपल्याशी सहमत नसलेल्या शेजाऱ्याचे म्हणणे संपेपर्यंत थांबणारा आणि मग ‘माझे मत निराळे आहे, कारण...’ असे म्हणणारा नागरिक घडविण्यास शाळेच्या वर्गाएवढी सोयीची जागा दुसरी नाही. त्याची सुरुवात उद्याच्या पहिल्या तासालाच, एका चांगल्या प्रश्नाने आणि तीन सेकंदांच्या प्रतीक्षेने करता येईल.